मंदादीदींनी झोपवलेले अर्ज

गोल बाजारात कुकरची रिंग घेत होतो, तेवढ्यात मंदादीदींच्या मुलीचा फोन आला. "अंकल, मम्मी नहीं रही…" एवढंच बोलली. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आदल्या संध्याकाळी माझ्याशी कडाकडा भांडून बसमधून उतरलेली बाई अशी कशी जाऊ शकते, याचा मला आधी रागच आला. महिना उलटून गेला, तो अजून पुरता गेलेला नाही.

मंदादीदी मूळच्या यवतमाळच्या. लग्न होऊन रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात आल्या आणि इथल्याच झाल्या. मी नागपूरहून नव्या रायपूरच्या ऑफिसात रुजू झालो, तेव्हा डब्यातला झुणका पुढे करत त्यांनी विचारलं होतं, "मराठी हायेस न तू? मग माझ्यासंग हिंदीत काहून बोलून राहिला?" तेव्हापासून आमचं जमलं. म्हणजे रोज भांडायला जमलं.

आमचं काम रुग्णांच्या उपचार-मंजुरीच्या अर्जांचं. प्रत्येक अर्ज संगणकातल्या एका प्रोग्रॅममधून, नियमांच्या इंजिनातून जातो : हा कागद आला तर तो मागा, डॉक्टरांचं मत आलं तर पुढे पाठवा, मुदतीत उत्तर नाही आलं तर अर्ज बंद करा. कोणता अर्ज कुठवर आलाय, कशाची वाट बघतोय, हे इंजिनाच्या डोक्यात असतं. त्याला आम्ही सेशन म्हणतो. मशीन बंद झालं की डोकं कोरं, आणि रुग्ण पुन्हा पहिल्या पायरीवर.

सगळं नव्या सर्व्हरवर न्यायचं ठरलं, तेव्हा आमचे साहेब सहज म्हणाले, "मैडम, सबसे नए सिरे से भरवा लो." दीदी चष्मा पुसत म्हणाल्या, "हव सर, फिर सब मरीज़ों को फोन आप ही लगाना." साहेबांनी विषय तिथेच सोडला. दीदींनी मात्र पदर खोचला. चालू सेशन जसंच्या तसं साठवायचं आणि नव्या जागी तिथूनच सुरू करायचं. साठवण्याला त्या 'झोपवणं' म्हणत, सुरू करण्याला 'उठवणं'. हळूहळू सगळं ऑफिस तसंच बोलू लागलं. छत्तीसगढी पोरंसुद्धा "दीदी, सुला दिया" म्हणायची.

पहिल्या चाचणीत अर्ज उठले, आणि उठल्या उठल्या इंजिनाने घड्याळ पाहून मुदत संपली म्हणत ते सगळेच बंद करून टाकले. नियमाप्रमाणे बरोबरच होतं, असं मी म्हणालो. दीदी उसळल्या. "झोपलं आपलं मशीन होतं न? मग पेशंटचे दिवस काहून कापून राहिलं ते?" झोपेतला वेळ मुदतीत धरायचा नाही, हे इंजिनाला शिकवेपर्यंत त्यांनी मला हलू दिलं नाही. मग कळलं, उठलेल्या सेशनला सगळं आठवतं, पण बाहेर डॉक्टरांना, पेशंटना निरोप धाडायची त्याची जोडणी तुटलेली असते. ती दर वेळी नव्याने लावून द्यावी लागते. शेवटच्या संध्याकाळी बसमध्ये आम्ही भांडलो ते यावरूनच… ही जोडणी अर्ज उठवण्याआधी लावायची की नंतर. त्या म्हणत होत्या, उठल्या उठल्या धाडलेला निरोप हरवू नये म्हणून आधी.

त्या गेल्यावर साहेबांनी पुन्हा नव्याने अर्ज भरून घेण्याचा विषय काढला. मी नाही म्हणालो. दीदींच्या शब्दांत नाही, पण त्यांच्याच आवाजात म्हणालो असेन, कारण कोणी वाद घातला नाही. ठरल्या दिवशी जोडणी आधी लावली आणि अर्ज उठवले. एकही बंद झाला नाही, कोणालाही तेच कागद पुन्हा मागितले गेले नाहीत. आम्ही टाळ्याही वाजवल्या.

मग एका अर्जावर नजर अडली. धमतरीकडच्या एका बाईंचा. अर्जावरचं आणि तपासणीच्या कागदावरचं नाव जुळत नव्हतं. असे शंकेचे अर्ज दीदी स्वतः पाहत. पडद्यावर लिहिलं होतं : 'मंदाकिनी यांच्या उत्तराची वाट.' सगळं जसंच्या तसं उठलं होतं. त्याला बातमी कळलेली नव्हती.

मला तिथेच रडू आलं. वाटलं, हा एवढा एक राहू द्यावा, कुठेतरी कोणीतरी त्यांची वाट बघत राहू दे… पण पलीकडे ती बाईही वाट बघत होती. मी तिच्या घरी फोन लावला. एक नाव माहेरचं होतं, एक सासरचं. दीदींच्या नावाच्या जागी माझं नाव घातलं आणि 'जुळलं' असं लिहिलं. अर्ज पुढे गेला.