हात टेकायचा नाही

वाढदिवसाच्या घराची बेल वाजवली की दार उघडणारी बाई आधी माझ्याकडे बघते आणि मग माझ्या पाठीमागे. जोकर मागून येत असेल, मी त्याची मदतनीस असेन, असं तिला वाटतं. मी पिशवीतून लाल नाक काढून लावते, मग कुठे ती बाजूला होते. दहा वर्षं झाली, म्हैसूरला अजून सवय व्हायची आहे.

मी मूळची बालवाडीची शिक्षिका. सर्कशीतून निवृत्त झालेले एक म्हातारे गृहस्थ आमच्या शाळेच्या संमेलनासाठी मुलांना कोलांट्या शिकवायला आले होते. मुलं चार दिवसांत सगळं विसरली, मी मात्र पुढची दोन वर्षं त्यांच्याकडे जात राहिले. त्यांनी मला मुख्यतः एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे पडणं. फुग्याचा कुत्रा कुणालाही करता येतो, मलाही येतो, पण मला त्याचा मनापासून कंटाळा आहे. पडायला मात्र शिकावं लागतं. हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, गुडघे ढिले करून बसत बसत खाली जायचं, मांसल भागावर टेकायचं आणि एका अंगावर लोळायचं. आणि काहीही झालं तरी हात टेकायचा नाही. हात टेकला की सगळा भार मनगटावर येतो. हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत की शेवटी त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मी ते म्हणून टाकायची.

लोकांना वाटतं जोकर पडला की मुलं हसतात. तसं नसतं. जोकर पडल्यावर मूल क्षणभर गप्प होतं. याला लागलं का, हे ते बघत असतं. जोकर उठला, धूळ झटकली आणि जमिनीवर रागावला की मग ते हसतं. माझा धंदा त्या गप्प क्षणावर चालतो. हे मी घरी कुणाला समजावून सांगितलं नाही, कारण घरी कुणी विचारलं नाही.

आमचं घर लष्कर मोहल्ल्यात. सासरची माणसं पूर्वी रंगारी. साड्या रंगवायच्या, त्यावर लाकडी ठशांनी बुट्टे उमटवायचे. आता नवरा हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे आणि ठसे माळ्यावर आहेत. सासूबाईंनी मात्र लग्न होऊन आल्यापासून पंचवीस वर्षं ते काम केलेलं. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. आत्याबाईंना माझा धंदा अजिबात पसंत नव्हता. घरच्या सुनेनं तोंडाला पांढरं फासून परक्यांच्या हॉलमध्ये आपटून घ्यायचं, हे त्यांच्या डोक्यात बसेना. नातेवाइकांनी विचारलं की त्या सांगायच्या, "शाळेत टीचर आहे." मी समोर असले तरी. नऊ वर्षं मी दात ओठ खाऊन ऐकलं. मी दुपारी मधल्या खोलीत गादी टाकून सराव करायला लागले की त्या आपल्या खोलीचं दार लावून घ्यायच्या, तेही मला ऐकू येईल असं.

आणि मग गेल्या वर्षी त्या पडल्या. मागच्या अंगणात नळाजवळ फरशी ओली होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. त्यांचा उजवा पाय पुढे सटकला, अंग मागे गेलं आणि त्यांनी डावा हात ताठ करून मागे टेकला. मला आवाज आला. धावत जाताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हात टेकला, चुकलं. सांगायला लाज वाटते, पण आला. दुसरा विचार त्याहून वाईट होता. अख्ख्या म्हैसूरला मी पडून दाखवत होते आणि घरातल्या एकाही माणसाला कसं पडायचं ते सांगितलं नव्हतं.

मनगट मोडलं होतं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, हाड छान जुळलं होतं. पण आत्याबाई चालेनात. म्हणजे पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीला धरून जायच्या, तेवढंच. एरवी दर शुक्रवारी देवराज मार्केटला पायी जाऊन देवीसाठी मोगरा आणणारी बाई, पण आता उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरायची. त्यात घरात येणारा प्रत्येक जण "निधान, निधान" म्हणायचा, म्हणजे कानडीत सावकाश. शेजारीण म्हणायची, नवरा म्हणायचा, दूधवालासुद्धा म्हणायचा. इतक्यांदा सावकाश म्हटलं तर धडधाकट माणूससुद्धा जागच्या जागी थांबेल. नवऱ्याने चालायला आधाराची चौकट आणून दिली. तिच्यावर टॉवेल वाळायला लागला.

व्यायाम शिकवायला एक तरुण डॉक्टरीणबाई यायच्या. एक दिवस त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हात बरा आहे. भीती बरी नाही. अशाच बसून राहिल्या तर दिवाळीपर्यंत पायातली ताकद जाईल, मग इच्छा असली तरी उठता यायचं नाही." तेव्हा आषाढ चालू होता.

बाथरूम जवळ पडावं म्हणून आत्याबाईंचा पलंग आम्ही मधल्या खोलीत आणला होता. म्हणजे माझ्या गादीसमोर. लावून घ्यायला आता दार नव्हतं. पहिले काही दिवस त्या सरावाच्या वेळी भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मीही हट्टाने रोजच्यापेक्षा जास्त आपटून घेतलं. मग एका दुपारी मी उठून पदर सारखा करत असताना मागून आवाज आला, "परत पड."

मी परत पडले.

"अजून एकदा." त्या कुशीवर वळून बघत होत्या. ठशाचं कापड उजेडात धरून बघावं तशी नजर. मी तिसऱ्यांदा पडले. "हां. इथं जोड दिसतो बघ."

ठसे मारताना एका ठशाची कड संपते आणि पुढच्याची सुरू होते, ती जागा जोडाची. काम चांगलं असेल तर जोड दिसत नाही. हे मला नवऱ्याने कधीतरी सांगितलं होतं.

"कुठला जोड, आत्याबाई?"

"तू चालतीस, मग पडतीस. मधी डोळे खाली करतीस. कुठं पडायचं ते बघतीस. नोडु, तूच बघ, माणूस पडताना बघतोय होय? मला ठाऊक आहे की, मी पडलीय."

माझ्या गुरूंनी दोन वर्षांत ही चूक धरली नव्हती. किती संमेलनं, किती वाढदिवस झाले, कुणी धरली नव्हती. आणि जिने माझा खेळ एकदाही पाहिला नाही तिने पलंगावरून तिसऱ्या पडण्यात पकडली. राग आला, हे खरं सांगते. रागाच्या भरात मी समोरच्या कॅलेंडरकडे बघत चालले आणि डोळे न हलवता पडले. उठून पाहिलं तर आत्याबाईंचा चेहरा घट्ट झाला होता आणि बरा हात तोंडावर गेला होता. मी जमिनीकडे बोट दाखवून तिला दटावलं. मग त्या हसल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा, मधला गप्प क्षण धरून, अगदी पाच वर्षांच्या मुलासारख्या.

त्या दिवसापासून दुपारी त्या पलंगावर बसून माझे जोड काढायच्या. "साकु, पुरे, आता चहा कर," म्हणेपर्यंत मला सुटका नसायची. एकदा चहा पिता पिता त्यांनी मनगटाकडे बघत विचारलं, "तुझा हात कसा की मोडत नाही?"

मी म्हटलं, "मी टेकत नाही म्हणून. शिकवू?"

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सावकाश जमिनीवर बसणं आणि स्वतःचं स्वतः उठणं जरूर शिकवा, फक्त धरून. नवऱ्याला कळलं तेव्हा तो कडाडला, "आईला पडायला शिकवतेस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" आत्याबाईंनीच त्याला गप्प केलं. "तू सुम्ने बस. तुला यातलं काय कळतंय?" यातलं म्हणजे माझ्या धंद्यातलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी वाजवली, कारण मला काय करावं ते सुचेना.

आम्ही पलंगाच्या कडेवरून खाली रचलेल्या दोन गाद्यांवर बसण्यापासून सुरुवात केली. मी पाठीमागून काखेत धरायची. पंधरा दिवसांनी एक गादी काढली. श्वास सोडणं जमलं, हनुवटी जमली, हात काही जमेना. दर वेळी तो डावा हात आपोआप मागे जायचा, तोच हात. मी ओरडायची, त्या रुसायच्या. शेवटी मी त्यांच्या दोन्ही मुठींत त्यांचाच पदर दिला आणि सांगितलं, "हा छातीशी धरायचा. जग बुडालं तरी सोडायचा नाही." हातांना काम मिळालं तसे ते मागे जायचे थांबले. मग कुशीवर वळणं, गुडघ्यावर येणं, खुर्चीला धरून उठणं. उठल्यावर त्या जमिनीकडे बोट दाखवून दटावायच्या. ते मी शिकवलं नव्हतं.

दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी त्या म्हणाल्या, "आज मार्केटला मी येते."

चालत गेलो. मी एक हात त्यांच्या कोपराखाली ठेवला होता, तो त्यांनी देवराज मार्केटच्या दारात झटकला. फुलांच्या गल्लीत सणाची गर्दी. विक्रेते हारांवर पाणी शिंपडत होते, खाली देठ आणि पाकळ्यांचा चिखल. त्यांची नेहमीची फुलवाली त्यांना बघून उठूनच उभी राहिली. किती महिन्यांनी, हात कसा आहे, सगळी चौकशी झाली. मोगऱ्याचा पुडा आत्याबाईंनी घेतला, शेवंतीच्या दोन पिशव्या माझ्याकडे दिल्या. वळलो आणि चार पावलांवर त्यांचा पाय सटकला.

मी पिशव्या टाकेपर्यंत सगळं संपलं होतं. पुडा दोन्ही हातांनी छातीशी आला, हनुवटी खाली गेली, गुडघे मुडपले आणि आत्याबाई म्हैसूरच्या फुलबाजारात बसत बसत पडल्या आणि उजव्या अंगावर लोळल्या. आजूबाजूचा गलबला थांबला. तो गप्प क्षण मी हजारदा पाहिला असेल, पण तो नेहमी दुसऱ्यांचा असायचा. त्या दिवशी तो माझा होता.

"अय्यो, अम्मा! निधान!" फुलवाली धावली. आणखी दोघांनी हात पुढे केले. आत्याबाईंनी मान हलवली, "बेड, बेड." नको, नको म्हणत ती बाई स्वतः कुशीवर वळली, गुडघ्यावर आली, फुलांच्या ओट्याला धरून उभी राहिली. डावं मनगट फिरवून बघितलं. लुगड्याला चिखल लागला होता. मोगरा कोरडा होता.

फुलवाली थक्क होऊन कानडीत म्हणाली, या वयात असं पडून उठणारी बाई पाहिली नाही. आत्याबाईंनी तिला कानडीतच उत्तर दिलं, चांगलं मोठ्याने, आजूबाजूच्या चार गाळ्यांना ऐकू जाईल असं: "माझ्या सुनेनं शिकवलंय. जोकर आहे ती."

मी खाली बसून शेवंती गोळा करत होते, निदान तसं दाखवत होते. मला रडू फुटलं होतं आणि थांबत नव्हतं. पिशव्या भरून उठले तेव्हा आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या, सरावानंतर मी त्यांच्याकडे बघते तशा.

"जोड दिसला का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही, आत्याबाई," मी म्हटलं. "कुठंच दिसला नाही."