कोळसे फुलेपर्यंत

"खुर्ची माझ्या बापाची आहे. जाताना मी ती घेऊनच जाणार!"

"ने की खुशाल! पण तिचा मोडका पाय मी बसवलाय. तेवढा काढून ठेव आणि मग ने!"

हे नवरा-बायकोचं भांडण चाललं होतं वरच्या मजल्यावर, आणि ऐकत होत्या जिन्याखालच्या इस्त्रीच्या दुकानातल्या काकू. तेव्हा त्या काकू नव्हत्या, नवी सून होत्या, हाती दुकान येऊन थोडेच दिवस झाले होते. लोखंडी इस्त्रीत कोळसे भरून त्या फुंकर घालत होत्या. कोळसे फुलेपर्यंत हाताला काम नसतं, पण कानाला असतं. ऐन रंगात आलेलं भांडण, आणि वरची खिडकी धाडकन लागली. थोड्याच दिवसांत ते जोडपं बिऱ्हाड हलवून गेलं. नेमक्या तेव्हा काकू कपडे पोचवायला गेलेल्या. खुर्ची कोणी नेली, कोणाला पत्ता नाही.

संध्याकाळी त्यांनी ही हकिगत नणंदेला सांगितली. नणंद दोन गल्ल्या पलीकडे राहायची, वयाने मोठी, जिभेने त्याहून मोठी.

"मग पुढे काय झालं?" तिने विचारलं.

"मला काय ठाऊक वन्सं? खिडकी लावून घेतली त्यांनी."

"अगं वहिनी, खिडकी त्यांनी लावली. तुझं तोंड कोणी लावलंय? सांग काहीतरी!"

तोंडाने सांगायला काकूंना जमेना. दुसऱ्या दिवशी इस्त्रीत कोळसे घातले आणि जुन्या कॅलेंडरचं पाठकोरं पान घेऊन लिहायला बसल्या. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंतची. अवघड जोडाक्षर समोर आलं की वळसा घालून सोप्या शब्दाच्या घरी जायचं, अशी रीत. नवरा-बायको खुर्ची घेऊन जिन्यापर्यंत आले, एवढं लिहून झालं तोवर कोळसे लाल झाले. तापलेली इस्त्री थांबत नसते. वाक्य अर्धं टाकून काकू उठल्या.

आणि गंमत बघा, ते अर्धं वाक्य दिवसभर दातात अडकलेल्या तुसासारखं टोचत राहिलं. बाह्या झाल्या, कॉलरी झाल्या, पण डोकं जिन्यातच. सकाळी बसल्या तर हात आपोआप चालला. खुर्ची एकट्याला उतरवेना, म्हणून दोघांनी मिळून उतरवली, आणि खाली आल्यावर दोघंही दमून तिच्यावरच टेकली, आळीपाळीने. झाली गोष्ट!

तेव्हापासून हाच नेम पडला. कोळसे फुलेपर्यंत लिहायचं, फुलले की थांबायचं, शब्द कितीही गोड लागला तरी. एक गोष्ट संपली त्याच दिवशी पुढचीचं पहिलं वाक्य अर्धं टाकून ठेवायचं. माल काही कमी नव्हता. कोणाच्या विजारीला एकाच गुडघ्यावर खडूची धूळ, तर कोणाच्या कोटाला दुसऱ्याच कोटाचं बटण. असं काही दिसलं की काकू म्हणायच्या, "ये बाबा, बस माझ्या पानावर."

पुढे वन्सं पडल्या, पायाने अधू होऊन पलंगावर आल्या. मग आठवड्याच्या शेवटी काकू त्यांच्या चादरी पोचवायच्या आणि घडीत गोष्ट सारून ठेवायच्या. वन्सं आधी चादर झटकायच्या, मग चष्मा शोधायच्या. कौतुक कधी सरळ नाही.

"ह्या खेपेचा माणूस फार लवकर शहाणा झाला गं. अजून थोडा मूर्ख ठेवायचास."

अशी बरीच वर्षं गेली. मग मुलाने विजेची इस्त्री आणली. "आई, आता धूर नाही, राख नाही. बटण दाबलं की तापली!"

काकू खूश. वाटलं, वेळच वेळ, आता मोठी गोष्ट लिहू. नवं पेन आणलं, टेबल पुसलं, ऐटीत बसल्या. कागद त्यांच्याकडे बघतोय, त्या कागदाकडे. चार ओळी कशाबशा जुळल्या, त्याही इस्त्री कापडावर ठेवून. त्या नादात बँडवाल्याच्या लाल अंगरख्याच्या पाठीवर इस्त्रीची आकृती उमटली.

"काकू," बँडवाला म्हणाला, "वाजवणार मी, आणि पाठीवर शिक्का तुमचा?"

अंगरख्याचे पैसे भरून दिले, पण मुलगा चिडला. "इस्त्री की गोष्ट, एक काय ते ठरव आई."

काकूंनी पेन ठेवून दिलं. आठवड्यामागून आठवडे चादरी कोऱ्या जाऊ लागल्या. एकदा वन्संनी चादर दोनदा झटकली आणि नुसतंच दाराकडे बघितलं.

"एकही माणूस पडला नाही गं खाली. सगळे मेले की काय?"

"सुचत नाही वन्सं."

"मग मी दिवसभर काय छताशी बोलू?"

ते काकूंना फार लागलं. त्या बाईकडे आठवडाभरात दुसरं येणारं होतं तरी कोण?

आणि एका सकाळी वीज गेली. कपड्यांचा ढीग पडलेला, म्हणून काकूंनी माळ्यावरची जुनी इस्त्री उतरवली, कोळसे भरले, फुंकर घातली. धूर नाकात गेला आणि उजवा हात आपसूक पेन चाचपू लागला. काकू स्वतःशीच हसल्या. आपल्याला वाटत होतं गोष्टी डोक्यातून येतात. येत असतीलही, पण त्यांना यायला एवढाच दरवाजा ठाऊक होता: काम समोर, हात रिकामा आणि वेळ थोडा.

दुसऱ्या दिवशी वीज होती, तरी त्यांनी कोळसेच घातले.

"आई, वीज आलीय."

"दिसतंय मला."

"मग हे कशाला?"

"कॉलरींना."

"कॉलर विजेच्या इस्त्रीने होत नाही?"

"होते. गोष्ट होत नाही."

दोन दिवसांनी मुलाने कोळशाचं पोतं आणून टाकलं आणि म्हणाला, "ओला तर नाही ना बघ. ओला निघाला तर गोष्ट लांबेल."

त्यानंतर चादर कोरी गेली नाही. काकूंची पाठ वाकली, पुढे कपडे मुलगाच करू लागला, पण सकाळचे कोळसे काकूंचे आणि वन्संच्या चादरीही काकूंच्याच.

काकूंची शेवटची खेपही अशीच झाली. सकाळी गोष्ट पुरी केली, पुढचीचं पहिलं वाक्य अर्धं टाकून त्यावर कात्री ठेवली, चादरी केल्या, घडीत पानं सारली आणि हळूहळू दोन गल्ल्या चालून गेल्या. वन्संनी चादर झटकली. पानं पलंगावर पडली.

"बस की घटकाभर."

"नको, इस्त्री तापलेली ठेवून आलेय."

"बरं, पुढच्या गोष्टीत कोण आहे ते तरी सांगून जा."

"एक बाई दार उघडतेय," काकू पिशवी घडी करत म्हणाल्या. "दाराबाहेर कोण ते अजून मलाही माहीत नाही. उद्या कोळसे पेटवले की बघू."

आणि चपला सरकवून त्या निघाल्या.