बाजाराच्या दिवशी वार्षिक पाठ

मंदानं टेबलावर सरबताचे दोन ग्लास ठेवले. तिनं अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला.

"बाई, आज गुणोत्तर ना? आमचं झालंय ते."

पुढच्या बाकावर एक चिमुरडी बसली होती. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. ती म्हणाली, "बाई, सरबत आमाला हाय का?"

मी वर्गात मागे, परीक्षकांच्या शेजारी बसले होते. सहावीला गुणोत्तर झालेलं असायचं काही कारणच नव्हतं. मी स्वतः शाळेला फोन करून तो धडा शिल्लक ठेवायला सांगितला होता. मग नीट पाहिलं. बोललेल्या मुलाला मिसरूड फुटलं होतं आणि चिमुरडी फार तर पाचवीतली होती. सगळा प्रकार लक्षात आला आणि माझं डोकं तापलं.

मी बीएड कॉलेजात शिकवते. बीएड ही शिक्षक होण्यासाठीची विद्यापीठाची पदवी. आमचे विद्यार्थी शाळांमध्ये जाऊन सराव पाठ घेतात आणि शेवटी येतो वार्षिक पाठ. तो पाहायला विद्यापीठ बाहेरचा परीक्षक पाठवतं. पाठाचं टाचण आधी लिहून द्यायचं असतं. कोणता प्रश्न विचारायचा आणि मुलं काय उत्तर देतील, हे सगळं त्यात लिहायचं. मुलांना मात्र ते कुणी सांगितलेलं नसतं.

शाळा बेल्ह्याच्या बाजूची आणि दिवस नेमका बैलबाजाराचा. विद्यापीठाचं वेळापत्रक करणाऱ्यांना बाजाराचा वार माहीत असायचं कारण नाही. त्या दिवशी निम्मी पोरं घरच्यांबरोबर टेम्पोत बसून बाजार गाठतात. पुण्याहून आलेल्या परीक्षक साहेबांना रिकामे बाक दाखवायची हेडमास्तरांना लाज वाटली असावी. त्यांनी पाचवीची आणि आठवीची हजर मुलं आणून सहावीत कोंबली आणि आम्हाला कुणालाच सांगितलं नाही.

माझ्या या विद्यार्थिनीची, मंदाची, अडचण दुहेरी होती. ती घाटघरची. इंटर्नशिप तिनं याच शाळेत केली होती, त्यामुळे पोरं तिला नावानिशी ठाऊक होती. हेडमास्तरांनी तिला शब्द दिला होता, जूनपर्यंत पदवी आण, जागा तुझी. म्हणजे गप्प बसावं तर पाठ बुडणार आणि खरं बोलावं तर हेडमास्तर दुखावून नोकरी जाणार. तिनं दाराकडे पाहिलं. हेडमास्तर दारातच उभे होते. ते एकदम छताकडे पाहू लागले.

मंदानं टाचण मिटून टेबलावर ठेवलं.

"ज्यांचं गुणोत्तर झालंय," ती म्हणाली, "त्यांनी न झालेल्यांच्या शेजारी जाऊन बसा."

हेडमास्तरांचं नाव न घेता तिनं वाट काढली होती. पण तो मिसरुडवाला, सोहेल त्याचं नाव, जागचा हलेना.

"बाई, मी आठवीतला! पाचवीच्या पोरीशेजारी बसू व्हय?"

वर्ग खो खो हसला. परीक्षकांचं पेन थांबलं.

"हेडमास्तर, हा सहावीचा वर्ग आहे ना?"

"हाय की साहेब. म्हंजी... सहावीची बी हाईत. आज बाजार हाय ना."

परीक्षक मंदाकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"पोरं आत आली तवा कळलं, सर." एरवी ती माझ्याशी शुद्ध बोलायची, पण आता बोली घाटघरची झाली होती. "आमच्या शाळेत चार वर्गांना एकच गुरुजी व्हते. आमी असंच एकमेकांकडनं शिकलो. शिकवू का?"

"पाठ तुमचा आहे," परीक्षक कोरडेपणानं म्हणाले.

मग मंदानं जोड्या लावल्या. आठवीच्या मुलांना एकच अट घातली. उत्तर सांगायचं नाही, समोरच्याला प्रश्न विचारून विचारून ते काढायचं. सहावीच्या मुलांकडे तिनं साखर, पाणी आणि चमचे दिले. वर्गात जो गलका झाला, त्याला आमच्या पुस्तकात 'वर्ग नियंत्रणाचा अभाव' म्हणतात. मी परीक्षकांच्या कागदाकडे बघायचं टाळलं.

सोहेल घाम पुसत चिमुरडीला विचारत होता, "पानी वाढीवलं, साखर तेवढीच. मंग काय व्हईल?"

"सपक व्हईल."

"मंग तेवढंच गोड पायजे तर?"

"साखर बी वाढवायची. पन किती ते सांग ना दादा!"

"मी न्हाई सांगनार. बाई वरडतील."

तास संपत आला तेव्हा परीक्षक उठले आणि थेट त्या चिमुरडीपुढे जाऊन उभे राहिले.

"एका ग्लासात दोन चमचे साखर. तसंच गोड सरबत तीन ग्लास करायचं असेल तर?"

"सहा चमचे."

"मी पाचच घातले तर?"

"मंग तुमीच प्या," ती म्हणाली.

परीक्षक पहिल्यांदा हसले. मला मंदाचा इतका अभिमान वाटला की मी उगाचच पर्समध्ये रुमाल शोधत बसले.

ऑफिसात चहा घेताना मात्र त्यांनी 'टाचणानुसार अध्यापन' या रकान्यात अगदी कमी मार्क टाकले.

"सर, टाचण सहावीचं होतं. वर्ग कुठे सहावीचा होता?" मी आवाज चढवला.

"मॅडम, रकान्याला वर्ग दिसत नाही. बाकीच्या रकान्यांत मी हात आखडलेला नाही. पास आहे ती."

निकाल लागला. मंदा पास झाली, पण वार्षिक पाठात तुकडीत सगळ्यात कमी मार्क तिलाच होते. तिनं नोकरीची आशा सोडून दिली होती. ज्यांची पाहुण्यांसमोर फजिती झाली, ते हेडमास्तर तिला कशाला बोलावतील? मलाही तेच वाटत होतं.

पण जूनमध्ये त्यांनी तिला बोलावलं आणि जागा दिली. मी पेढे घेऊन शाळेत गेले. मंदाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाचवी, सहावी आणि आठवी अशी तीन वर्गांची मुलं एकमेकांना खेटून बसली होती. त्या दिवशी बाजार नव्हता.

हेडमास्तर कौतुकानं म्हणाले, "मॅडम, दोन मास्तर कमी हाईत आमच्याकडं. पन ह्या बाई असल्यावर आमाला कसलीच काळजी न्हाई. लई भारी सांभाळत्यात."

मंदानं माझ्याकडे पाहिलं. बिचारीचा घसा बसला होता.

आता वार्षिक पाठाआधी मी प्रत्येक तुकडीला एवढंच सांगते. वर्ग कसाही मिळो, शिकवायचं. फक्त ते तुम्हाला किती छान जमतं, हे हेडमास्तरांना दिसू देऊ नका.