फिरून फॉर्म गुणवंत मंडळ

परभणी जिल्ह्यात माणसाला जेवढे म्हणून मान मिळू शकतात तेवढे सगळे आमच्या साडूंना मिळालेले आहेत, आणि जे राहिलेत त्यांचे अर्ज पोस्टात पडलेले आहेत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. येलदरीच्या धरणावर चौकीदारी करण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर लोक शेळ्या पाळतात, भजनाला बसतात. यांनी सभासदत्व धरलं. कुठे गुणीजनांचं मंडळ निघालं, गौरव मंच निघाला, की त्याची खबर अध्यक्षाच्या बायकोच्या आधी यांना लागते. रक्तदात्यांचं सन्मान मंडळ झालं, वृक्षमित्र परिषद झाली, वाचक गौरव मंच झाला. ज्येष्ठ नागरिक संघात तर साठी भरायच्या आधीच 'उमेदवार ज्येष्ठ' म्हणून घुसले. खिशावर बिल्ले इतके, की इस्त्रीवाला त्यांचा सदरा बघूनच नको म्हणतो. सत्काराच्या नारळांची बर्फी करून करून आक्काचे, म्हणजे माझ्या मेहुणीचे, हात भरून येतात. पण कुणी नवऱ्याला नाव ठेवलं तर तीच पदर खोचून उभी राहते.

सगळी कार्डं ते प्लास्टिकच्या पाकिटात रबर लावून बाळगतात आणि प्रत्येकाचा काहीतरी फायदा असणारच, अशी त्यांची श्रद्धा आहे. एकदा एसटीत त्यांनी कंडक्टरपुढे हास्य क्लबचं कार्ड धरलं आणि सवलत विचारली. कंडक्टरने कार्ड उलटसुलट करून पाहिलं, "हसा मग," म्हणाला आणि पूर्ण तिकीट फाडून हातात दिलं. साडू पुढच्या थांब्यापर्यंत खरंच हसत बसले. मी शरमेने खिडकीबाहेर बघत होतो. माझा स्वभावच तसा; चारचौघांत कुणी आपल्याला हसेल म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. त्यांच्या पोटात असा गोळा कधी आलाच नाही, असं मी समजून चाललो होतो.

दुसरी गोष्ट गंगाखेडच्या लग्नातली. नात्यातलं लग्न, आणि यांनी छातीवर भला मोठा बिल्ला लावलेला. लोकांना वाटलं, हे व्यवस्थेतले. कुणी विचारतंय पाणी कुठंय, कुणी म्हणतंय वरण संपलं. दुसरा कोणी असता तर मी पाहुणा आहे म्हणून मोकळा झाला असता. यांनी बाह्या सरसावल्या, पंगती वाढल्या, वऱ्हाडातल्या म्हातारीला हाताला धरून गाडीत बसवलं आणि शेवटच्या पंगतीला जेवले. मी वैतागून म्हटलं, दादा, काय मिळालं यातून? पान चघळत शांतपणे म्हणाले, "बिल्ला लावला की काम मागं लागतंय, साडूभाऊ. ह्योच तर फायदा हाय." तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं.

चारेक वर्षांपूर्वी उन्हाळा सरता सरता त्यांच्या गावात दहावीच्या गुणवंतांचा सत्कार झाला. साडू अर्थातच स्टेजवर. पोरं हार घालून घेत होती, आया डोळे पुसत होत्या, आणि समोर रस्त्याच्या कडेला शेजारच्या मासेमाराची कोमल बापाशेजारी मासे साफ करत बसली होती. पोर गणितात पडली होती. तिला नर्स व्हायचं होतं. गल्लीत कुणाला लागलं-खुपलं तर पट्टी बांधायला हीच धावायची. पण निकाल लागला तसा बाप म्हणाला, झालं तेवढं बास, आता जाळ्याचं बघ. पोरीनेही पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. त्या दिवशी साडूंशी नजरानजर झाली तशी तिने मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने साडू परभणीला माझ्या दारात हजर. चहासुद्धा घेतला नाही. "पास झालेल्यांचा सत्कार समदे करायलेत," म्हणाले, "पडलेल्याचं मंडळच न्हाई जिल्ह्यात. आपण काढू." मी हायस्कुलात मराठी शिकवतो, त्यामुळे मंडळाची घटना लिहायचं काम माझ्याकडे आलं. नाव त्यांनीच ठेवलं, फिरून फॉर्म गुणवंत मंडळ. मी गमतीगमतीत झोकात कलम लिहिलं : मंडळाचा प्रत्येक सदस्य व पदाधिकारी परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला आणि पुन्हा त्या परीक्षेचा अर्ज भरलेला असावा. फायदे त्यांनी सांगितले ते असे : बिल्ला, कार्ड, अभ्यासाला साडूंची ओसरी, आक्काचा चहा आणि अभ्यासाच्या वेळेत घरचे काम सांगणार नाहीत याची हमी. ही हमी घ्यायला अध्यक्ष, म्हणजे साडू, स्वतः घरोघर जाणार होते.

पहिलं कार्ड घेऊन ते कोमलकडे गेले. मंडळांची घटना कधी कोणी वाचत नाही, पण या पोरीने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मी तिथेच उभा होतो. वाचून झाल्यावर तिने मान वर केली.

"काका, तुमी फिरून कधी बसला होतात?"

साडू पाकिटाचं रबर ताणत राहिले. मला वाटलं, साल आठवतायत. मग सोबत आलेली आक्काच हळूच म्हणाली, की हे दहावीत गणितात पडले, धरणावर नोकरी लागली, पुन्हा काही बसले नाहीत. पोर म्हणाली, मग तुमी भरा, मी भरते. न्हाई तर हे कार्ड घेऊन जा. एवढं बोलून ती जाळ्याकडे वळली.

त्या संध्याकाळी साडूंनी जेवण टाळलं. इतक्या बिल्ल्यांचा धनी, साठी ओलांडलेला माणूस, नातवंडांच्या वयाच्या पोरांत बाकावर बसणार आणि वर पुन्हा पडणार, तर गाव काय म्हणेल, हेच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. मला तर बरंच वाटलं, म्हटलं गोळा यांनाही येतो की. मी म्हणालो, दादा, ते कलम खोडून टाकू, दोन मिनिटांचं काम. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन खिशात ठेवला. सकाळी ते शाळेत जाऊन फॉर्म भरून आले, आणि पावती कोमलच्या बापाला दाखवून त्याच्याकडून हमीही घेऊन आले.

मग आठ-नऊ महिने ओसरीवर दोघं समोरासमोर. आधी ती त्यांच्याकडून पाढे म्हणवून घ्यायची, नंतर समीकरणं. अक्षरांनी गणित करायचं हे काही साडूंना शेवटपर्यंत पटलं नाही. परीक्षेच्या दिवशी जिंतूरला केंद्राच्या फाटकावर पोलिसाने त्यांना अडवलं, आजोबा, पालकांनी बाहेर थांबायचं. साडूंनी पाकीट काढलं, रबर सोडलं आणि त्यातून हॉलतिकीट काढून पुढे केलं. पोलिसाने फोटो पाहिला, तोंड पाहिलं, आणि चक्क बाजूला होऊन वाट दिली. इतक्या वर्षांत त्यांचं कार्ड चालताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खोटं कशाला बोलू, फाटकाबाहेर उभ्या लोकांना मी चढ्या आवाजात सांगत होतो, ते माझे साडू आहेत.

कोमलला गणितात बावन्न मिळाले. साडू बाकी सगळ्या विषयांत निघाले आणि गणितात एकोणीस. मंडळाने कोमलचा सत्कार केला तेव्हा अध्यक्षांनी आधी स्वतःची गुणपत्रिका माईकवर वाचून दाखवली, एकोणीससकट. लोक हसले. साडूही हसले आणि म्हणाले, "फॉर्म भरलाय फिरून. ह्या साली बघू." मग पोरीच्या बापाने, जो कधी कोणाच्या स्टेजवर चढला नव्हता, वर येऊन त्यांना शाल पांघरली. आक्का रडली. मीही रडलो, आणि नंतर डोळ्यात धूळ गेली असं कोणालाही सांगितलं नाही.

कोमल आता नर्सिंगला आहे. मंडळात अकरा पोरं आहेत. साडू अजून गणितात अडकलेत. मागच्या खेपेला सव्वीसपर्यंत आलेत, आणि आम्हा मंडळींना त्या सव्वीसचा जेवढा अभिमान आहे तेवढा कोणाच्या नव्वद टक्क्यांचा नाही.

मला मात्र ते सभासद करून घेत नाहीत. ऐन तिशीत मी अधिकाऱ्यांच्या परीक्षेला एकदा बसलो होतो. पडलो. लोक हसतील म्हणून पुन्हा नाव काढलं नाही, बायकोलाही सांगितलं नाही. निकाल पाहायला त्या दिवशी सोबत साडू होते, त्यांनीही आजवर कुठे वाच्यता केली नाही. परवा येलदरीला गेलो तेव्हा मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, दादा, कलम माझ्याच हातचं आहे, मला मानद तरी करा. त्यांनी पाकीट काढलं, रबर सोडलं. आत माझ्या नावाचं एक कार्ड होतं, कडा पार मळलेल्या. नंबराची जागा कोरी.

"पडलात तुमी, त्ये खरं हाय," ते मायेने म्हणाले. "पर फिरून कुठं भरला?"

वयाची अट केव्हाच निघून गेली, असं मी म्हणालो. त्यांनी ते कार्ड पुन्हा पाकिटात घातलं आणि रबर लावलं. त्या पाकिटातल्या सगळ्या कार्डांना मी आयुष्यभर हसत आलो. हे एक तेवढं मला हवं आहे.