मामाने गाडी घासली

स्टील आणि गाडीचा रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

त्याआधी अठरा वर्षं मी रसायनीतल्या एका कारखान्यात स्टीलच्या टाक्या घासून चकचकीत करत आलो होतो. हातात ग्राइंडर, त्याच्या तोंडाला कापडी चाक, चाकाला पॉलिश लावायचं आणि घासत सुटायचं. आमच्यात नियम एकच : चमक आली नाही, तर अजून घास. तपासणीला आलेल्या साहेबाला टाकीत स्वतःची मिशी दिसली पाहिजे. (साहेबाला मिशी नसेल तर निदान ओठ!)

मे महिन्यात माझ्या भाचीचं, पूनमचं, लग्न होतं. हॉल कर्जतला, नवरा नेरळचा. नवऱ्याच्या घरी चांगली नवी गाडी होती. पण पूनमचे वडील ती शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून तिचं सगळं मामाने, म्हणजे मी पाहिलेलं. त्यामुळे माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, व्याह्यांना आधीच ठणकावून ठेवलं होतं, "आमची पोरगी सासरला जाईल ती मामाच्याच गाडीतनं!"

मामाची गाडी नऊ वर्षांची. मूळचा रंग मरून, म्हणजे गडद लाल, पण आमच्या मोहोपाड्याची धूळ खाऊन तो शिळ्या बिटासारखा झाला होता. आक्काची मान व्याह्यांपुढे खाली जाऊ नये म्हणून गाडी चमकवणं भाग होतं.

"अवो, दुकानात द्या की पॉलिशला," बायको म्हणाली.

"दुकानात? मी?" अठरा वर्षं साहेबांना मिशा दाखवणारा माणूस गाडी दुकानात देईल?

"मग नेटवर बघा तरी, कसं करत्यात ते."

मी एक व्हिडिओ अर्धा पाहिला. त्यातला माणूस सांगत होता, आधी कोपऱ्यात थोडंसं करून बघा, चाक हळू फिरवा, एका जागी थांबू नका, कडांना चिकटपट्टी लावा. इतका भित्रा माणूस आमच्या खात्यात दोन दिवस टिकला नसता! मी मोबाइल खिशात टाकला.

लग्नाला दोन दिवस उरले असताना, सकाळी दहाच्या उन्हात, मी अंगणात ग्राइंडर सुरू केला. शेजारचे नामाकाका (एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर) लगेच खुर्ची घेऊन समोर येऊन बसले. पहिल्याच फेरीत चाकावरचं पांढरं पॉलिश चौफेर उडालं. भिंतीवर ठिपके, दोरीवरच्या पैठणीवर ठिपके, नामाकाकांच्या चष्म्यावर ठिपके.

"आता काय दिसंना रं!" काका म्हणाले.

त्यांना दिसत नव्हतं, हे त्यांचं नशीब. बायकोला मात्र सगळं दिसलं, विशेषतः पैठणी! पुढची दहा मिनिटं ती काय बोलली ते ग्राइंडरच्या आवाजात ऐकू आलं नाही, म्हणून मी तो बंदच केला नाही.

पण खरं सांगतो, बॉनेटवर हाताच्या पंजाएवढा तुकडा असा झळकला, की माझी छाती फुगली. मग त्या तुकड्याशेजारचं बॉनेट मेलेलं दिसायला लागलं. ते घासलं. मग बॉनेटच्या मधोमध जी उंचवट्याची धार असते ती फिकी वाटायला लागली. म्हटलं, चमक आली नाही, तर अजून घास! जोर लावला. पांढरं चाक हळूहळू मरून झालं.

"बघ, किती मळ निघतोय!" मी बायकोला ओरडून सांगितलं.

"अवो, मळ कदी मरून असतो का?"

मी ग्राइंडर बंद केला. चष्मा पुसून काका उठून आले, वाकले आणि म्हणाले, "आत पांढरी गाडी हाय रं ही!"

बॉनेटवर चपातीएवढे तीन पांढरे डाग पडले होते. रंग गेला होता, खालचं अस्तर वर आलं होतं. मला रडावं का ग्राइंडर विहिरीत टाकावा, कळेना. धावत पेंटरकडे गेलो. तो म्हणाला, "आठ दिवस ठेवा." लग्न परवा! तेवढ्यात आक्काचा फोन.

"गाडी चमकली का रं?"

"चमकली गं!"

शेवटी बायकोनेच मार्ग काढला. "फुलं लावा. अख्खं बॉनेट झाका." फुलवाला म्हणाला, "एवढी फुलं तर स्टेजलापण लागत नायत." झेंडू, शेवंती, वर गुलाबाच्या पाकळ्या, असा गादीएवढा थर बॉनेटवर चिकटपट्टीने बसला. हॉलवर लोक थांबून गाडीचे फोटो काढत होते. आक्का व्याह्यांना कौतुकाने म्हणाली, "मामाचा जीवच हाय तेवढा पोरीवर!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाठवणीची वेळ झाली. आक्का रडत होती, पूनम आक्काच्या गळ्यात पडून रडत होती, बायको रडत होती. मी गाडी सुरू करून जरा पुढे घेतली आणि फुलांची ती अख्खी गादी सरकत सरकत खाली आली! डाग सोडून बाकीचं बॉनेट मी इतकं गुळगुळीत केलं होतं, की दिवसभर उन्हात तापल्यावर त्याला चिकटपट्टी धरेना.

पूनमने डोळे पुसले. समोर तीन चपात्या.

"मामा, ह्ये काय केलंस रं?"

"पॉलिश," मी म्हणालो.

ती आधी फिस्सकन हसली, मग पोट धरून हसली. तिला बघून नवरदेव हसला. मग व्याही, मग अख्खं वऱ्हाड!

"अगं, रड की जरा!" आक्का दात-ओठ खात कुजबुजली. "लोक बघत्यात!"

पण पूनमला ते काही जमेना. नेरळ येईपर्यंत मागच्या सीटवर नवरा-नवरी खिदळत होते, आणि त्या अख्ख्या पाठवणीत शेवटपर्यंत रडणारा माणूस एकच उरला होता : गाडी चालवणारा मी, कारण माझ्या डोळ्यांसमोर अर्धा तास ते बॉनेट होतं!