ओलाउगमावशीचा राहिलेला पाय

सेलवीक गावात नम्रपणाच्या बाबतीत ओलाउगमावशीच्या जवळपास जाणारं कोणी नव्हतं. कोणी जायला लागलंच तर ती त्याला कोपराने हळूच बाजूला सारायची.

खाडीच्या काठावर आमचं पिवळं प्रार्थनाघर आहे. त्याच्या मागच्या बाजूला स्वयंपाकघर, आणि तिथे मावशीचं राज्य. तिला बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. सभा संपली की सगळ्यांना गरम वॉफल, वर जॅम किंवा तपकिरी चीज, आणि कॉफी. मावशी मात्र ओट्याला टेकून, उभ्याउभ्याच, साच्याला चिकटलेली जळकी वॉफल खायची. “माझं काय, मला कसलीही चालते,” असं म्हणायची. ते मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल याची ती काळजी घ्यायची. आमच्याकडे सगळे मागच्याच बाकावर बसतात म्हणा. पुढची बाकं आजोबांच्या काळातली आहेत, पण अजून कोरी करकरीत.

गावाचं पाणीच तसं. ताटातला केकचा शेवटचा तुकडा आमच्यात कोणी घेत नाही. एक जण अर्धा कापून घेतो, दुसरा त्याच्या अर्धा, तिसरा त्याच्याही अर्धा. शेवटी ताटात एक कण उरतो आणि त्याच्याभोवती आठ माणसं “तुम्ही घ्या, तुम्ही घ्या” करत उभी असतात.

मावशीचे कपडे करडे, केसांचा अंबाडा करडा, पायमोजे करडे. हे मोजे तिच्या पायातून कधीच निघत नसत. उन्हाळ्यात बायका समुद्रात डुंबायला जायच्या, तेव्हा मावशीही जायची, मोज्यांसकट. बाहेर आली की पावलापावलाला फचक् फचक् आवाज. “अगं, काढ ना ते,” कोणी म्हटलं तर म्हणायची, “पाय काय मिरवायची वस्तू आहे?”

तर अशा मावशीला एक धाकटी बहीण होती, गुनवोर. दोघी एकाच स्वयंपाकघरात वाढल्या, एकाच साच्यावर वॉफल करायच्या. आणि एका ख्रिसमसच्या मेजवानीत एकच वॉफल जळली.

“ती मला दे,” मावशी म्हणाली.

“मी खाते ना आज. तू रोजच खातेस.”

“रोज खाते म्हणूनच म्हणते, मला सवय आहे.”

“ताई, सोड.”

“तू सोड.”

दोघींनी दोन बाजूंनी ओढली. वॉफल फाटली, जॅमची बरणी फुटली, आणि गुनवोर सगळ्या मंडळीसमोर ओरडली, “तू मला साधं नम्रसुद्धा होऊ देत नाहीस!” एप्रन खुंटीला टांगून ती बाहेर पडली, टेकडी चढली आणि वरच्या पांढऱ्या चर्चमध्ये जाऊन तिथल्या स्वयंपाकघरात उभी राहिली. तीसुद्धा बसली नाही.

तेव्हापासून गावात दोन तट. खालचे प्रार्थनाघरवाले आणि वरचे चर्चवाले. देव तोच, गाणी तीच, वॉफलसुद्धा तीच. वरचे मात्र तिच्यात वेलची घालू लागले. खालचे त्याला थाटमाट म्हणायचे.

बहिणी एकमेकींशी बोलायच्या, पण टेलेफच्या मार्फत. टेलेफ प्रार्थनाघराचा वडीलधारा आणि गावातला एकुलता एक किराणा दुकानदार. ईस्टरआधीच्या उपासाचे, लेंटचे दिवस चालू होते. एकदा दोघी एकाच वेळी दुकानात आल्या.

“टेलेफ, मोठी रिकामी खोकी आहेत का रे?” गुनवोर म्हणाली. “सामान भरायचंय. ईस्टर झाला की मी बर्गेनला चालले, मुलाकडे. कायमची.”

मावशी बटाटे निवडत होती. हातातला बटाटा हातातच राहिला. “टेलेफ, तिला विचार, कायमची म्हणजे किती कायमची?”

“टेलेफ, तिला सांग, कायमची म्हणजे कायमची.”

“बायांनो,” टेलेफ म्हणाला, “मी किराणा विकतो. निरोप नाही.”

गुनवोर खोकी घेऊन गेली. मावशीने तो एकच बटाटा तराजूत ठेवला. मग हळूच म्हणाली, “ती गेली तर मी जळकी वॉफल खाऊ कोणाच्या नाकावर टिच्चून?”

टेलेफने बटाटा पिशवीत घालून दिला. त्याने बटाट्याचे पैसे घेतले नाहीत, एवढंच.

त्याच सुमाराला वरच्या चर्चमध्ये हाल्वर नावाचे नवे पाळक आले होते. तरुण, उत्साही, दाढीसुद्धा उत्साहाने वाढलेली. त्यांनी पाहिलं की वरही निम्मी बाकं रिकामी आणि खालीही. ते थेट टेलेफच्या दुकानात आले. “टेलेफकाका, येत्या पवित्र गुरुवारी दोन्ही मंडळ्यांचं भोजन एकत्र करू. तुमच्या प्रार्थनाघरात. आणि प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तसे आपण एकमेकांचे पाय धुऊ. वरच्यांनी खालच्यांचे, खालच्यांनी वरच्यांचे.”

“पाय?” टेलेफ म्हणाला. “उघडे?”

“मोज्यांवरून कसे धुणार, काका?”

ही बातमी पसरली आणि दुपारच्या आत पायाला लावायचं मलम दुकानातून संपलं. पाय धुण्याच्या कार्यक्रमाला पाय धुऊन जाणारं गाव आमचंच. खरं तर प्रत्येकाला दुसऱ्याचेच पाय धुवायचे होते, पण कोणी जबरदस्तीने बसवलंच तर अब्रू जायला नको.

मावशी संध्याकाळी टेलेफकडे आली. “मी तिचे पाय धुणार,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर. वाकून. मग बघते बर्गेनला कशी जाते.”

थोड्या वेळाने मागच्या दाराने गुनवोर आली. “टेलेफ, मी ताईचे पाय धुणार. सगळ्यांसमोर. तिला काय वाटतं, तिलाच वाकता येतं? जायच्या आधी एकदा तिला बसवते की नाही बघ.”

टेलेफने दोघींनाही “छान, छान” म्हटलं. किराणा विकणाऱ्या माणसाने आणखी काय म्हणायचं?

गुरुवार उजाडला. प्रार्थनाघरात मधोमध खुर्च्या मांडल्या, प्रत्येक खुर्चीपुढे कोमट पाण्याचं घमेलं. वरचे आले, खालचे आले, आणि दारातच खोळंबले, कारण आधी आत जायला कोणी तयार नव्हतं. शेवटी वाऱ्याने दार आपटायला लागलं तेव्हा सगळे एकदम घुसले.

प्रार्थना झाली. हाल्वर पाळक आनंदाने म्हणाले, “तर, धुणार कोण कोण?”

हातांचं रान उभं राहिलं.

“वा! आणि बसणार कोण?”

सगळे छताकडे बघायला लागले. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

“अहो, कोणीतरी बसा!”

“मी कशी बसू, मी साधी बाई,” एक जण म्हणाली.

“मग मी काय राजा आहे? तुम्ही बसा.”

“छे छे, तुमच्यापुढे मी कोण?”

“अहो, मी तर काहीच नाही!”

“तुम्ही काहीच नाही, तर मी तुमच्याहून काहीच नाही!”

आवाज चढायला लागले. खांद्यावर टॉवेल टाकलेली सगळी माणसं रिकाम्या खुर्च्यांभोवती एकमेकांना ढकलत होती, अर्थात फार प्रेमाने. पाणी गार होत होतं. हाल्वर पाळक टाळ्या वाजवून ओरडले.

“मंडळी, मंडळी! त्या संध्याकाळी प्रभूपुढे बारा जण बसले होते हो! ते बाराही टॉवेल घेऊन उभे राहिले असते तर?”

कोणी ऐकेना. तेव्हा वाट दाखवावी म्हणून त्यांनी स्वतःच बूट काढले आणि एका खुर्चीत बसले. ही त्यांची चूक झाली. दोन्ही मंडळ्या त्यांच्या पायांवर तुटून पडल्या. उजवा पाय वरच्यांनी धुतला, तो खालच्यांनी परत धुतला, डाव्यावर तर रांग लागली. पाळकांच्या पायांच्या सुरकुतून मनुका झाल्या. “पुरे! पुरे!” ते ओरडत होते. “आता बोटं सुटून येतील!”

या गोंधळातून मावशी वाट काढत निघाली ती गुनवोरच्या दिशेने. गुनवोरही निघाली होती. मधल्या खुर्चीपाशी दोघी समोरासमोर आल्या. मधे टेलेफ नव्हता.

“बस,” मावशी म्हणाली.

“तू बस.”

“मी मोठी आहे. मी वाकणार.”

“मोठी आहेस म्हणूनच तू बस.”

“तुझ्या गुडघ्यांना सोसणार नाही, गुनवोर.”

“माझे गुडघे बर्गेनला जाणारेत. त्यांची काळजी तू करू नकोस. टॉवेल दे.”

“नाही देत.”

“ताई, सोड.”

“तू सोड.”

टॉवेल दोघींच्या मधे ताणला गेला. बाकीचे वळून बघायला लागले. पाळकांनी एक ओला पाय हवेत धरून ठेवला. मावशीने ताणलेल्या टॉवेलकडे पाहिलं, पलीकडे बहिणीचा लालबुंद चेहरा पाहिला, आणि तिला त्या टॉवेलच्या जागी वॉफल दिसली. फक्त जॅम तेवढा नव्हता.

मावशीने टॉवेल सोडला.

गुनवोर मागे गेली ती थेट घमेल्यात. धप्प! पाणी चारही बाजूंना उडालं, पहिल्या बाकावर पोचलं. तिथे कोणी बसलेलं नव्हतं हे बरं झालं.

कोणी हसलं नाही. हसावं की प्रार्थना करावी हेच कळेना. गुनवोर घमेल्यात बसून होती आणि तिच्या डोळ्यात पाणी यायला लागलं होतं. आता ही उठणार, चालायला लागणार, आणि पुढची बोट पकडून बर्गेन गाठणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मावशीलाही दिसलं.

मावशी खुर्चीत बसली.

आम्ही तिला बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो. तिची पाठ खुर्चीला टेकेना, हातांना जागा सापडेना. मग तिने खाली वाकून उजवा मोजा सोडवला. थांबली. दाराकडे पाहिलं. डोळे गच्च मिटले आणि मोजा ओढून काढला.

पाचही नखं लाल होती. लाल म्हणजे कशी, बंदरावर टांगलेल्या, बुडणाऱ्याला फेकायच्या कड्यासारखी लाल. चकचकीत, ताजी रंगवलेली.

“अरे देवा,” मागून टेलेफ म्हणाला.

“धू,” मावशी डोळे न उघडता म्हणाली. “काय बघायचंय ते सगळ्यांनी बघून घ्या. आणि गुनवोर, तू धू.”

घमेल्यातून गुनवोर त्या नखांकडे बघत राहिली. मग तिचा खांदा हलला. मग दुसरा. आणि ती जी हसायला लागली ती थांबेचना.

“ताई! ती नेलपॉलिशची बाटली! बाबांच्या भीतीने आपण कोंबड्यांच्या खुराड्यात लपवलेली!”

“ती केव्हाच संपली. ही दुसरी आहे,” मावशी म्हणाली. “म्हणजे... बरीच पुढची आहे.”

“इतकी वर्षं? मोज्यांच्या आत?”

“मग काय बाहेर?”

“आणि समुद्रात मोजे...”

“गुनवोर, पाय गार पडलाय. धुणार आहेस की नाही?”

गुनवोर घमेल्यात बसल्याबसल्याच पुढे सरकली. खाली पाणी फारसं उरलं नव्हतं. ओंजळीत आलं तेवढं घेऊन तिने बहिणीचा उजवा पाय धुतला, एकेक लाल नख सांभाळून, आणि भिजलेल्या टॉवेलने पुसला. पुसला म्हणजे आणखी ओला केला. दोघी रडत होत्या, पण एकीकडे भांडतही होत्या.

“टाच नीट घास.”

“वाकायची सवय नाही मला. तू होऊच दिली नाहीस.”

“चूक झाली. आता घास.”

मग टेलेफ पुढे आला, म्हणाला, “माझ्या मोज्याला भोक आहे, हसू नका,” आणि बसला. त्याच्यानंतर खुर्च्या भरल्या. वरचे बसले, खालचे बसले. कोणाच्या अंगठ्यावर चिकटपट्टी, कोणाचं करंगळीचं नख काळं. पाळकांनी सगळ्यांचे पाय धुतले, बहुधा सूड म्हणून.

नंतर कॉफी झाली. स्वयंपाकघरात दोन्ही मंडळ्यांच्या बायका, एकीने वेलची टाकली, दुसरीने पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. या सगळ्या गडबडीत पहिली वॉफल जळलीच. ताट बाहेर आलं. वर सोनेरी वॉफलींची चवड, कडेला ती काळी. सगळ्यांचे हात सवयीने काळीकडे निघाले आणि मधेच थांबले. सगळे मावशीकडे बघत होते.

मावशीने हात लांब केला, सगळ्यात सोनेरी वॉफल उचलली, तिच्यावर दोन चमचे जॅम घातला आणि बसूनच एक मोठा घास घेतला.

“काय बघता?” ती तोंडभरून म्हणाली. “गुनवोर, ती जळकी तुझी.”

गुनवोरने ती घेतली. इतक्या वर्षांनी अखेर तिला मिळाली. तिने चावा घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

“कडू आहे गं, ताई!”

“मग? मी काय वेडी म्हणून मागत होते? वेलचीवाली आहे का ही?”

“वेलचीवाली आणि जळकी.”

“थाटमाट,” मावशी म्हणाली आणि आपल्या वॉफलीतली अर्धी तोडून तिच्या बशीत ठेवली. गुनवोरने ती अर्धी खाल्ली, अर्धीची अर्धी न करता.

ईस्टरच्या सोमवारी बर्गेनहून मुलाचा फोन आला. गुनवोर तेव्हा दुकानात होती, खोकी परत करायला आलेली. टेलेफने बोलणं ऐकलं. किराणा विकताना कानांना झाकण लावता येत नाही.

“नाही रे बाळा, एवढ्यात नाही येत,” गुनवोर सांगत होती. “इथे काम अर्धवट राहिलंय... अरे, ताईचा डावा पाय. त्या दिवशी पाणीच संपलं... आता? आता कसा धुणार? ती म्हणते, बाटली रिकामी झालीय. नवी आणल्याशिवाय ती मोजा काढत नाही.”

फोन ठेवून ती टेलेफकडे वळली. “टेलेफ, लाल नेलपॉलिश ठेवतोस का रे?”

“ठेवत नाही,” टेलेफ म्हणाला. गल्ल्याखालची, दोन दिवसांपूर्वी मागवलेली नेलपॉलिशची पेटी त्याने हळूच पायाने आणखी आत ढकलली. “मागवायला लागेल. फार वेळ लागतो हो तिला यायला.”