बाईंचा निळा उजेड

आमच्या बाईंनी स्वतःच्या स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह कायमचा बाटवला होता. लिंबूसत्व आणि युरिया पाण्यात विरघळवून त्यात ठेवायचं, आटून तपकिरी खरवड उरली की पुन्हा पाणी घालून गाळायचं. दिसायला फिका चहा. पण नोटा तपासायच्या जांभळ्या बत्तीखाली धरला की निळाशार उजळायचा. "कार्बनचे कण आहेत गं, डोळ्यांना न दिसणारे," बाई सांगायच्या. मागे त्यांचे यजमान गार दुधाचा पेला घेऊन उभे असत. "अहो, दूध गॅसवर! हा आता नोकरीला लागला."

देवासच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस. कोणी म्हणालं, याचे दिवे बनतील, तर म्हणायच्या, "बनू देत की. मला आधी पाणी बघायचंय." काही धातू मिसळले की तो उजेड मंदावतो, एवढ्या एका गोष्टीवर त्यांचा जीव. म्हणून रविवारी बत्ती आणि बाटल्या घेऊन आमची वरात वस्त्यावस्त्यांवर.

शहराबाहेरच्या एका वस्तीत हातपंपाचं पाणी घातलं आणि उजेड गेलाच. बाईंचा चेहरा उतरला. "अंदाजावर कोणाला घाबरवायचं नाही," म्हणून त्यांनी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. विषारी क्रोमियम निघालं. कोणी पिऊ नये म्हणून पंपाला लाल रंग फासला गेला, टँकर सुरू झाला, आणि ऐन उन्हाळ्यात बंदही पडला. लाल पंपाखाली पुन्हा हंडे लागले.

"उबाल के पी लें तो, मैडम?" पंपासमोर राहणाऱ्या म्हाताऱ्या सुगनबाईंनी विचारलं.

"उबालने से नहीं जाता, सुगनबाई."

"तो कईं पियां?"

मग प्यायचं काय, हा सुगनबाईंचा प्रश्न घेऊन बाई सरकारी कचेऱ्यांत गेल्या. अर्ज दिले, चपला झिजवल्या. आश्वासनं तेवढी मिळाली. "कळून काय उपयोग झाला गं?" त्या मला विचारायच्या. मला फार राग यायचा, पण काढायचा कोणावर?

निवृत्त झाल्यावर बाई मुलाकडे पुण्याला निघाल्या. जाण्याआधी वस्तीचा निरोप घ्यायला मला घेऊन गेल्या. ऊन रणरणत होतं. सुगनबाईंनी रीतीप्रमाणे लोटा भरून पुढे केला. बाईंनी तो घ्यायला हात पुढे केला, तर सुगनबाईंनीच मागे घेतला.

"रेण दो मैडम, तम मत पियो."

आणि थेंबही सांडू न देता त्यांनी ते पाणी घरच्या मटक्यात परत ओतलं.